सेकंडचा माल

सोमवारी सकाळी पत्त्यावर भोक पाडताना
मोराचा डोळा दोन ठिकाणी दिसला.
चष्मा पुसला. सदऱ्याचं टोक ओलं करून पुन्हा पुसला.
काढून ठेवला, तर मेजावर दोन चष्मे.

आमचं काम असं:
आलेखाच्या कागदावर चौकोन मोजायचे,
भरलेल्याला भोक, रिकाम्याला काही नाही.
मग त्या पत्त्यांवर माग चालतो, मोर आपोआप उतरतो चादरीत.
एकवीस वर्षांत हात चुकला असेल चार-पाचदा.
त्या दिवशी किती चुकला, ते मोजायला डोळा नव्हता.

दुपारी अशोक चौकात दोन सिग्नल, दोन रिक्षा.
खरी कुठली, हात लावल्याशिवाय कळेना.
पाय असे पडत होते की पानवाला यल्लप्पा हसला,
"गोवर्धनअण्णा, आज दिवसाच?"
मी शिंदी कधी चाखलीसुद्धा नाही.

सिव्हिलमध्ये पोरगेल्या डॉक्टरीणबाईंनी बोट धरलं,
"बोटामागे बघा, मान हलवायची नाही."
मी बघत होतो.
"बघा ना."
खरंच बघत होतो हो.
बुबुळं जागच्या जागी,
लाइट गेल्यावर ताण्यात अडकलेले दोन धोटे.
मग गुडघ्यावर रबरी हातोडी. गुडघा गप्प.

"पंधरा-वीस दिवसांमागे पोट बिघडलं होतं?"
होतं. साडूच्या घरच्या जेवणानंतर, चार दिवस.
डोळ्याचा आणि त्याचा काय संबंध?
त्या म्हणाल्या, जंतूच्या अंगावर जी नक्षी होती
तशीच थोडी तुमच्या डोळ्याच्या नसांवर आहे.
अंगातले राखणदार नक्षी बघून मारत सुटलेत.
घरचं कोण, बाहेरचं कोण, विचारत नाहीत.

नक्षी म्हटल्यावर मला समजलं.
आमच्या साखर पेठेत एकाचं डिझाइन दुसरा उचलतो
आणि मार तिसराच खातो.

पाच दिवस बाटल्या चढल्या.
बाटलीची किंमत नागमणीनं सांगितली नाही.
कानात कडुनिंबाच्या काड्या घालून आली,
मला चार दिसल्या.

घरी आलो ते एका डोळ्यावर कापूस चिकटवून,
एक दिवस डावा, एक दिवस उजवा.
झाकलं की जग एक, पण चपटं.
पाणी ओतायचो ते तांब्याच्या शेजारी.
घरात तेलुगू, कारखान्यात मराठी,
दोनाची सवय मला जन्मापासून होती,
पण दोन्ही एकाच जागी उभ्या राहिल्या नव्हत्या कधी.

संध्याकाळी ती विड्या वळायला बसली
की मी हळूच कापूस काढायचो.
एक नागमणी फरशीवर, मांडीवर सूप, बोटं तंबाखूनं काळी.
दुसरी वीतभर वर, जरा तिरकी.
तिच्याही मांडीवर सूप, पण खाली फरशी नाही.
अंमळ धुरकट. अंमळ तरुण.
हजार विड्या भरल्या की दोघी एकदमच कंबर धरायच्या.
"काय बघताय?" खालची म्हणायची.
वरचीचे नुसते ओठ हलायचे.

सातव्या आठवड्यात छताला एकच पंखा उरला.
पोरानं लाटणं मारलं तर गुडघा उडाला,
घरभर हसू.

कामावर गेलो तर मालकानं चादर पुढ्यात टाकली.
त्या सोमवारचे पत्ते कुणी न तपासता मागावर चढवलेले.
चाळीस चादरी, प्रत्येक मोराला
एकाच बाजूला दोन डोळे, एक किंचित वर.
माल सेकंडमध्ये गेला, किलोवर.
एक मी पगारातून कापून घेतली.

आता थंडीत तीच पांघरतो आम्ही.
नागमणी म्हणते, मोर बघतो, झोप येत नाही.
तिच्या कानात अजून काड्याच आहेत, दोन.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पूर्ण बरे झालात.
झालोच आहे.
फक्त मान न हलवता नजर पार डावीकडे नेली,
जिथं ती झोपते, त्या कडेपर्यंत,
तर क्षणभर ती अजून सुटते,
वीतभर नाही, बोटभर.
मी पापणी मिटत नाही.